वाट बघण्याला मालक कोण?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. स्टॉपवर आम्ही सात-आठ जण उभे होतो, शेडच्या पत्र्याला मधोमध भोक पडलेलं, त्यामुळे बाकडं असूनही त्यावर कोणी बसलेलं नाही, सगळे कडेकडेने छत्र्या अर्ध्या उघडून उभे. तेवढ्यात कॉलेजची दोन मुलं आली, हातात छापील फॉर्म, प्रोजेक्टसाठी सर्वे करत होती. शहरातल्या बससेवेबद्दल तुम्ही समाधानी आहात का, एक ते पाच मार्क द्या. माझ्या बाजूला आमच्या वाडीतल्या काकू होत्या, दोन्ही हातात बाजाराच्या पिशव्या, मला माहीत होतं की त्या पाऊण तास तिथे उभ्या आहेत कारण मी येण्याच्या आधीपासून त्या तिथेच होत्या. त्यांनी चार मार्क दिले. मुलांनी लिहून घेतलं आणि पुढच्या माणसाकडे गेली.

मी विचारलं, काकू, चार कसे काय दिलेत? तर म्हणाल्या, "अरे, ड्रायव्हर चांगला आहे हो तो, मी धावत येताना दिसले की थांबवून ठेवतो गाडी. आणि येत्येय की, जाणार कुठं?"

त्या खोटं बोलत नव्हत्या. ड्रायव्हर खरंच चांगला आहे, मीही त्याला ओळखतो. पण त्या फॉर्मवर पाऊण तास कुठेच आला नाही, पत्र्याचं भोक आलं नाही, आणि काकूंची बांगडे घेतलेली पिशवी उन्हापावसात तासभर धरून ठेवली तर त्या मासळीचं काय होतं तेही आलं नाही. आला तो फक्त आकडा, चार. असे शंभर फॉर्म भरले की कोणीही प्रामाणिकपणे म्हणेल, लोक ऐंशी टक्के समाधानी आहेत बुवा. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाहीये.

आधी त्या शब्दाबद्दलच बोलतो. समाधान हा आपल्याकडे गुण मानला जातो. लहानपणापासून घरात ऐकलेलं असतं, समाधानी राहावं, असेल त्यात भागवावं, कुरकुर करू नये. कोकणात तर हे फारच अंगात भिनलेलं आहे. आपल्याकडे माणूस सहा महिने मुंबईच्या मनीऑर्डरची वाट बघत बसायचा, मग चाकरमान्याची वाट बघायची, गणपतीची बघायची, पावसाची बघायची, आंब्याला मोहोर येण्याची बघायची. त्या माणसाला तुम्ही विचारलंत की तू समाधानी आहेस का, तर तो बसबद्दल उत्तर देतच नाही, तो स्वतःच्या स्वभावाबद्दल उत्तर देतो. नाही म्हणणं म्हणजे आपण तक्रारखोर ठरू असं त्याला वाटतं, आणि समोर कॉलेजचं पोर उभं असताना तर आणखीनच.

युरोपात 2002 साली सार्वजनिक वाहतुकीच्या दर्जासाठी एक मानक ठरवलं गेलं, त्यात ही गोष्ट फार नीट मांडलेली आहे. दर्जा चार बाजूंनी बघायचा, प्रवाशाला काय अपेक्षित आहे, सेवा देणाऱ्याने काय ठरवलंय, प्रत्यक्षात काय दिलं गेलं आणि प्रवाशाला काय मिळाल्यासारखं वाटलं. समाधान म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या गोष्टीतलं अंतर. आता अपेक्षाच खाली आली असेल तर अंतर कमी होणारच, सेवा सुधारली नाही तरी. आपल्याकडे नेमकं तेच झालंय. वीस वर्षांपूर्वी काकू दहा मिनिटं उशीर झाला तर कंट्रोलरकडे जाऊन विचारायच्या, आता पाऊण तासाला चार मार्क देतात. यात बस सुधारली कुठे, काकूंचं वय झालं आणि त्यांनी अपेक्षा सोडून दिली.

माझं म्हणणं साधं आहे. प्रवाशाचा प्रवास बसमध्ये चढल्यावर सुरू होत नाही, स्टॉपवर आल्यावर सुरू होतो, आणि तो स्टॉपवरचा वेळ आपल्याकडे कोणीच मोजत नाही कारण त्याला कोणी मालकच नाही.

हे मी उगाच म्हणत नाही. 1992 साली 74 वी घटनादुरुस्ती झाली, नगरपालिकांना कामं वाटून दिली, बाराव्या अनुसूचीत 18 विषय आहेत. त्यातला सतरावा विषय वाचा, रस्त्यावरचे दिवे, पार्किंग, बस स्टॉप आणि सार्वजनिक सोयी. बस स्टॉप आहे. पण बस? सगळी यादी वाचली तरी शहरातली बससेवा असा विषय त्यात सापडत नाही. म्हणजे ज्या शेडमध्ये आपण उभे असतो ती नगरपालिकेच्या खात्यात, त्यापुढून जाणारी बस दुसऱ्याच्या खात्यात, आणि ज्या रस्त्यावरून ती येते तो पालिकेचा, पीडब्ल्यूडीचा नाहीतर हायवेवाल्यांचा. आपल्या कोकणातल्या शहरांना मुंबईसारखी बेस्ट नाही, पुण्यासारखी पीएमपी नाही. रत्नागिरीसारख्या ठिकाणी शहर वाहतूक एसटीच चालवत आलीये, बाकी बहुतेक तालुक्याच्या गावांमध्ये शहर बस असा प्रकारच नाही, गावाकडे जाणारी गाडी बाजारपेठेतून जाते तीच आपली शहर बस. शेड गळते म्हणून तक्रार करायची ती एका ऑफिसात, बस आली नाही म्हणून करायची ती दुसऱ्या ऑफिसात, आणि गळक्या शेडमध्ये न आलेल्या बसची वाट बघितली ही तक्रार करायला ऑफिसच नाही.

आता बसच्या बाजूने काय मोजलं जातं ते बघा. कंडक्टरच्या हातात तिकिटाचं मशीन आहे, ते चढलेला माणूस मोजतं. त्यावरून भारमान निघतं. एसटीत काम करणाऱ्या कुणाशीही दोन मिनिटं बोललात तर भारमान हा शब्द येतोच येतो, गाडीच्या क्षमतेच्या मानाने किती माणसं बसली, त्यावरून फेरी फायद्यात की तोट्यात. भारमान कमी आलं की फेरी बंद करण्याचा विषय निघतो. हिशोबाच्या दृष्टीने यात चूक काही नाही, डिझेल फुकट येत नाही. पण भारमान फक्त बसमध्ये असलेल्या माणसाला ओळखतं. स्टॉपवर अर्धा तास थांबून शेवटी कंटाळून रिक्षाने गेलेला माणूस भारमानात नाही. आठवड्यातून दोनदा फेरी रद्द होते म्हणून ज्या मुलीने कर्ज काढून स्कूटी घेतली ती भारमानात नाही. ज्या आजींनी दवाखान्यात जायचंच सोडून दिलं, घरीच गोळ्या मागवतात, त्या तर कुठल्याच आकड्यात नाहीत. मग होतं काय, फेरी अनियमित झाली म्हणून माणसं गेली, माणसं गेली म्हणून भारमान उतरलं, भारमान उतरलं म्हणून फेरी बंद झाली, आणि कागदावर कारण लिहिलं जातं की प्रवाशांचा प्रतिसाद नाही. प्रतिसाद होता हो. तो स्टॉपवर उभा होता.

सर्वेचंही तेच. बसमध्ये बसलेल्याला विचारायचं खूश आहेस का. त्याला सीट मिळालेली असते, खिडकी मिळालेली असते, घरी पोचणार हे नक्की झालेलं असतं, तो का नाखूश असेल? आणि जे वैतागून कायमचे निघून गेले ते तिथे नसतातच उत्तर द्यायला. त्यामुळे सेवा जितकी बिघडत जाईल तितके उरलेले प्रवासी जास्त सोशिक आणि सर्वेतले मार्क जास्त चांगले, असंही होऊ शकतं. मला हे फार गंभीर वाटतं.

वाहतुकीचा अभ्यास करणारे जगभर एक ढोबळ नियम वापरतात, की वाट बघण्यात गेलेलं एक मिनिट माणसाला गाडीत बसून गेलेल्या मिनिटापेक्षा साधारण दुप्पट जाचतं. म्हणजे वीस मिनिटं थांबून वीस मिनिटांचा प्रवास केला तर जीवाला तो साठ मिनिटांचा वाटतो. आता हा नियम कोरड्या फुटपाथवरचा आहे. आपल्याकडे रत्नागिरीच्या बाजूला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. समुद्राकडून वारा असतो त्यामुळे पाऊस वरून कमी आणि आडवा जास्त येतो, त्यात तीन बाजूंनी उघडी शेड म्हणजे नावाला शेड. ज्याने कोणी ते डिझाइन पास केलं त्याने जुलैमध्ये एकदा तिथे उभं राहून बघायला हवं होतं. पाठीमागची भिंत आणि पश्चिमेची बाजू बंद, पत्रा पुढे दोन फूट जास्त, एवढं जरी केलं तरी शाळेच्या पोरांची दप्तरं कोरडी राहतील. पूर्वी आपली घरं बांधणाऱ्यांना हे कळत होतं, पावसाच्या आधी पडवीला झडी, म्हणजे पाऊस अडवणारे आडोसे, बांधायचेच की नाही. स्टॉपला कोणी झड बांधत नाही कारण स्टॉप कोणाच्या घरचा नाही.

2009 साली केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने शहरी वाहतुकीसाठी सेवेच्या दर्जाचे निकष काढले, चार पायऱ्या केल्या, पहिली सगळ्यात चांगली. त्यात सरासरी थांबण्याची वेळ चार मिनिटांपर्यंत असेल तर पहिली पायरी, दहा मिनिटांच्या पुढे गेली की सगळ्यात खालची. दर हजार लोकसंख्येमागे 0.6 बस असतील तर पहिली पायरी, 0.2 पेक्षा कमी असतील तर शेवटची. हिशोब करून बघा, 75 हजार वस्तीच्या शहराला पहिल्या पायरीसाठी 45 बस लागतात आणि 15 पेक्षा कमी असतील तर ते शहर तळाला. तुम्ही तुमच्या शहरातल्या बस मोजा, फार वेळ लागणार नाही.

पण खरं सांगायचं तर मला चार मिनिटांची बस नकोच आहे. आपली शहरं छोटी आहेत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चढउताराचे रस्ते, एक खाडी, एक घाटी, त्यात दर चार मिनिटांनी बस सोडा म्हणणं मलाच पटणार नाही. मला चाळीस मिनिटांनी एक बस चालेल. फक्त ती सांगितलेल्या वेळी यायला हवी. कारण वेळ पक्की माहीत असेल तर माणूस ती वाट स्टॉपवर बघत नाही, घरात बघतो. चहा पिऊन, भाजी निवडून, पोराची वेणी घालून मग पाच मिनिटं आधी बाहेर पडतो. चाळीस मिनिटांनी येणारी वेळेवरची बस ही वीस मिनिटांनी येणाऱ्या बेभरवशाच्या बसपेक्षा कितीतरी बरी. आणि त्याला बस वाढवायला लागत नाहीत, नवीन डेपो लागत नाही, फक्त शब्द पाळायला लागतो आणि पाळता आला नाही तर कळवायला लागतं.

कळवणं हीच तर मोठी अडचण आहे. बहुतेक ठिकाणी वेळापत्रक असतं ते मुख्य स्टँडवर, भिंतीवर रंगवलेलं, आणि त्यात वेळ असते सुटण्याची. मधल्या स्टॉपवर बस किती वाजता येते हे कुठेच लिहिलेलं नसतं. ते आपल्याला अनुभवाने माहीत असतं, किंवा टपरीवाल्याला विचारायचं. टपरीवाला हाच आपला चौकशीचा काउंटर. फेरी रद्द झाली तर तेही टपरीवालाच सांगतो, "गेली नाही हो अजून, दुपारची पण नव्हती आली." मुंबईत बेस्टने काही वर्षांपूर्वी मोबाईलवर बस कुठे आहे ते दाखवायला सुरुवात केली. ॲप कधी बरोबर दाखवतं कधी नाही, पण माणसाला निदान ठरवता येतं की थांबू की निघू. तेच तर हवं असतं. आपल्याकडे ज्या घरात दोन-दोन स्मार्टफोन आहेत त्या घरातला माणूस बसच्या बाबतीत अजून वळणावरच्या आवाजाकडे कान लावून बसतो.

गोव्याला जाऊन आलेल्या आपल्या सिंधुदुर्गातल्या लोकांना कदंबाची, म्हणजे तिथल्या सरकारी बसची, शटल माहीत असेल. पणजी ते मडगाव, पणजी ते वास्को, आधी खिडकीवर तिकीट घ्यायचं, रांगेत उभं राहायचं, सीट भरल्या की गाडी सुटते, उभा प्रवासी नाही, मध्ये थांबणं नाही. यात कुठलंही मोठं तंत्रज्ञान नाही. पण रांगेत उभं राहिल्यावर माणसाला कळतं की आपला नंबर या गाडीत आहे की पुढच्या. त्या कळण्यानेच अर्धा त्रास जातो. आपल्याकडे कॉलेज सुटल्यावर स्टँडवर गाडी लागली की खिडकीतून दप्तर टाकून जागा धरायची स्पर्धा लागते, त्यात म्हातारी माणसं आणि लेकुरवाळ्या बायका मागे राहतात, आणि तेच लोक पुढच्या वेळी रिक्षा बघतात.

रेल्वेबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण कोकणातल्या शहराची शेवटची बस आणि पहिली बस हे प्रश्न स्टेशनशी जोडलेले आहेत. कोकण रेल्वे 1998 च्या 26 जानेवारीला पूर्ण सुरू झाली आणि आपलं आयुष्य बदललं, ते खरंच आहे. पण स्टेशनांची नावं वाचा. संगमेश्वर रोड, राजापूर रोड, वैभववाडी रोड, सावंतवाडी रोड. स्टेशनच्या नावात रोड आलं की समजायचं गाव इथे नाही, गाव त्या रोडने पुढे आहे. रत्नागिरीचंही स्टेशन शहराच्या बाहेर पाच-सहा किलोमीटरवर, मालवण-वेंगुर्ल्याला तर रेल्वेच नाही, कुडाळला उतरून पुढे जायचं. मुंबईहून येणाऱ्या रात्रीच्या गाड्या पहाटे अंधारात सोडतात. त्या वेळी स्टेशनच्या दारात बस उभी आहे का, एवढ्या एका प्रश्नावर त्या प्रवाशाचं सगळं समाधान अवलंबून आहे. मुंबईहून येताना तिकिटाला जेवढे दिले तेवढेच शेवटच्या काही किलोमीटरला द्यावे लागले तर तो प्रवासी पुढच्या वेळी काय सांगेल? आणि रिक्षावाल्यांना मी यात दोष देणार नाही. पहाटे चारला तिथे येऊन उभा राहणारा तो एकटाच असतो, परतीचं भाडं मिळेल याची त्याला खात्री नसते. बस नाही हा दोष बस नसण्याचा आहे.

वडापचंही, म्हणजे खासगी शेअर गाड्यांचंही, तसंच. 2021 च्या ऑक्टोबरअखेरीस एसटीचा संप सुरू झाला आणि 2022 च्या एप्रिलपर्यंत चालला. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांवर मी इथे बोलत नाही, त्यांचे पगार आणि त्यांची अवस्था आपण सगळ्यांनी बघितलीये. पण त्या काही महिन्यांत गावागावातल्या माणसाने जाण्यायेण्याची दुसरी सोय लावली. मॅजिक, सहा आसनी, मिनीडोर, कुणाची तरी ओम्नी. दहावी-बारावीच्या मुलांना घरच्यांनी कशीतरी गाडी करून दिली. संप संपला, लालपरी परत आली, पण मोडलेली सवय तितकी परत आली नाही. ज्याने गाडीचे हप्ते सुरू केले तो हप्ते संपेपर्यंत तरी बसकडे येत नाही. म्हणून मी म्हणतो की गेलेल्या माणसाला शोधून विचारलं पाहिजे, तू का गेलास आणि काय केलं तर परत येशील. ते कुठल्याही सर्वेत विचारलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

आता सवलतींचा मुद्दा. 2022 च्या ऑगस्टपासून 75 वर्षांवरच्यांना एसटी मोफत झाली, 2023 च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालं, शाळेत जाणाऱ्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत मिळतो. यावर नाक मुरडणारे बरेच भेटतात, म्हणतात नुसती गर्दी वाढली. मला ते अजिबात पटत नाही. ज्या बाया वर्षानुवर्षं माहेरी जायला नवऱ्याकडे पैसे मागायच्या त्या आता स्वतः उठून जातात, हे मी माझ्या घरात बघितलंय, यापेक्षा मोठं समाधान कुठल्या सर्वेत मिळणार? पण त्याच बाईला विचारा, तिला अर्ध्या तिकिटाइतकीच गरज आहे ती सकाळी साडेसहाच्या गाडीची आणि संध्याकाळी आठच्या गाडीची. फेरीच नसेल तर अर्धं तिकीट काय आणि पूर्ण काय, न आलेल्या बसचं तिकीट सगळ्यांना सारखंच.

बेस्टचं उदाहरण यासाठी बघण्यासारखं आहे. 2019 च्या जुलैमध्ये त्यांनी किमान भाडं 5 रुपयांवर आणलं, प्रवासी वाढले, शेअर रिक्षातले लोक परत आले. पण स्वतःच्या बसचा ताफा कमी कमी होत गेला, त्यामुळे स्वस्त बसची वाट बघण्याचा वेळ वाढला, आणि 2025 च्या मे महिन्यात किमान भाडं एकदम 10 रुपये झालं. एसटीनेही 2025 च्या जानेवारीत 14.95 टक्के भाडेवाढ केली. भाडं वाढलं म्हणून लोक चिडले, चिडणारच. पण माझ्या ओळखीतल्या नेहमीच्या प्रवाशांशी बोलताना मला जाणवलं की दोन-चार रुपयांपेक्षा त्यांचा राग दुसऱ्याच गोष्टीवर होता, वाढीव पैसे देऊन थांबायचं मात्र तेवढंच. वेळेवर येणाऱ्या बसला लोक थोडे जास्त पैसे देतात, नाइलाजाने का होईना देतात, रिक्षाला देतातच की.

एक गोष्ट मात्र मला ठामपणे म्हणायची आहे की यातलं काहीही ड्रायव्हर-कंडक्टरच्या डोक्यावर मारू नये. आपल्याकडे समाधानाचा विषय निघाला की चर्चा लगेच कंडक्टर सुट्ट्या पैशांवरून कसा बोलला यावर येते. अहो, वस्तीची गाडी घेऊन जाणारा माणूस रात्री गावाच्या देवळात नाहीतर शाळेच्या पडवीत झोपतो, डासात, पहाटे विहिरीवर तोंड धुऊन गाडी काढतो, आणि पुढे दिवसभर तुमच्याशी गोड बोलायचं. काकूंना बघून थांबणारा ड्रायव्हर हा या सगळ्या व्यवस्थेतला सगळ्यात चांगला भाग आहे. पण त्याच्या चांगुलपणावर व्यवस्थेने स्वतःचे मार्क काढून घेऊ नयेत. सर्वेतले ते चार मार्क त्याचे आहेत, त्यालाच द्या. फेऱ्या कोणी ठरवल्या, गाडी नादुरुस्त झाली तर बदली गाडी का नव्हती, याचे मार्क वेगळे काढा.

2024 च्या जुलैपासून एसटीने आगारांमध्ये प्रवासी राजा दिन सुरू केला, अधिकारी बसतात आणि लोकांच्या तक्रारी ऐकतात. चांगली गोष्ट आहे, कौतुकच करायला हवं. पण मासे विकायला पाटी घेऊन पहाटे निघणारी मावशी ऑफिसच्या वेळात तक्रार लिहून द्यायला आगारात जाणार कशी? तिचा तर त्या वेळी धंदा. तिला समजून घ्यायचं असेल तर अधिकाऱ्याने मासळी बाजाराच्या स्टॉपवर पहाटे साडेपाचला उभं राहायला हवं. आठवड्यातून एक दिवस, एक तास, वर्दी न घालता. तिथे त्याला हेही कळेल की पाटी ठेवायला जागा नाही म्हणून तिला किती गाड्या सोडाव्या लागतात, वास येतो म्हणून कोण काय बोलतं, आणि तरी ती बसनेच का जाते.

आणि प्रश्न बदला. समाधानी आहात का हे विचारूच नका, आपल्या लोकांना त्याचं उत्तर द्यायला संकोच वाटतो. आज किती वाजता स्टॉपवर आलात ते विचारा. काल या वेळची गाडी आली होती का विचारा. नव्हती आली तर कसे गेलात, किती पैसे गेले. संध्याकाळी सातनंतर घरी जायचं झालं तर कोणाला फोन करावा लागतो. घरातली दुचाकी कोणत्या वर्षी घेतली आणि का. याला मार्क लागत नाहीत, याची उत्तरं कोणीही सरळ देतो, काकूंनीसुद्धा दिली असती. आणि नगरपालिकेने तिच्या हद्दीतल्या प्रत्येक स्टॉपवर तिथली, म्हणजे त्याच स्टॉपवरची, वेळ लिहावी आणि महिन्याला किती फेऱ्या रद्द झाल्या ते बस चालवणाऱ्यांकडून मागवून तिथेच लावावं. स्टॉप तिच्या यादीत आहे ना, मग स्टॉपवर थांबलेल्या माणसाची विचारपूसही तिनेच करावी. 2006 च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणात वाहनांपेक्षा माणसांच्या जाण्यायेण्याला महत्त्व द्यायचं ठरलं होतं, आपल्या शहरांच्या बजेटमध्ये मात्र पैसे रस्ता रुंद करण्याला आधी निघतात आणि शेडला सगळ्यात शेवटी.

पैसे नाहीत हे उत्तर येईल, मला माहीत आहे. बस वाढवायला पैसे लागतात, मान्य. वेळ लिहायला रंगाचा डबा लागतो.

आमच्या त्या स्टॉपवर कोणीतरी ते करून ठेवलंय. शेडच्या डावीकडच्या खांबावर, पाऊस पोचत नाही त्या बाजूला, मार्करने बसच्या वेळा लिहिल्यात, अक्षर बहुतेक कॉलेजच्या मुलीचं असावं. 7.10 खोडून शेजारी 7.25 केलंय. साडेनऊच्या पुढे वेगळ्या अक्षरात लिहिलंय, शनिवारी नाही. संध्याकाळच्या 6.40 समोर तीन वेळा खाडाखोड आहे आणि शेवटी नुसतं प्रश्नचिन्ह. खाली अगदी बारीक अक्षरात कोणीतरी लिहिलंय, पत्र्याखाली बसू नका, गळतं. काकूंना चष्म्याशिवाय ते वाचता येत नाही, मी गेलो की त्या मला विचारतात, बघ रे, काही नवीन लिहिलंय का.